साराभाई बघा, पण मायासारखं सांगू नका

२०२५च्या ऑक्टोबरात अभिनेते सतीश शाह गेले आणि पुढचे दोन-तीन दिवस ज्याच्या त्याच्या फोनवर ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ या विनोदी मालिकेतला त्यांचा इंद्रवदन साराभाई फिरत होता. बायकोची फिरकी घेणारा, धाकट्या लेकाची कविता सुरू झाली की पळवाट शोधणारा, सुनेच्या बाजूने उभा राहून घरात काडी लावणारा इंद्रवदन. हळहळ खरी होती. पण ती ओसरायच्या आत जुनं भांडण उकरून निघालंच. आज स्टेटसला फोटो ठेवताय, मालिका चालू होती तेव्हा कुठे होता, असं एकाने विचारायचं; लोकांना सासू-सुनांची रडारडच हवी होती, लायकीच ती, असं दुसऱ्याने म्हणायचं; आणि तिसऱ्याने शांतपणे हिशेब मांडायचा की बाबांनो, चांगली असती तर चालली असती, बाजार खोटं बोलत नाही. आमच्या शाळेच्या ग्रुपवर हे दीड दिवस चाललं. शेवटी कोणीतरी भाऊबिजेचे फोटो टाकले आणि विषय मिटला.

मिटला म्हणजे सुटला नाही. या भांडणातले दोन्ही पक्ष वरवर हाडवैरी दिसतात, पण मुळात त्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे. टीआरपी म्हणजे जनतेने दिलेला निकाल, हे दोघांनीही धरून चाललेलं असतं. एक जण तो निकाल शिरसावंद्य मानतो, दुसरा निकाल देणाऱ्यांना मूर्ख ठरवतो. माझं म्हणणं असं की ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’चा निकाल २००४ ते २००६ या काळात लागलाच नव्हता, कारण खटला नीट उभाच राहिला नाही. आणि दुसरं म्हणणं जरा टोचणारं आहे: ज्यांनी ही मालिका अजून पाहिलेली नाही त्यांच्यापर्यंत ती आज पोचत नसेल, तर त्याचा दोष टीआरपीपेक्षा तिच्या भक्तांवर जास्त आहे. मीही त्या भक्तांतलाच. तेव्हा हा कबुलीजबाबही समजा.

पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १ नोव्हेंबर २००४ला स्टार वन ही नवी वाहिनी सुरू झाली आणि तिच्याबरोबर ही साप्ताहिक मालिका. लेखक आतिश कपाडिया, निर्माते जमनादास मजेठिया, दिग्दर्शक देवेन भोजानी. सत्तरच्या आसपास भाग झाले आणि २००६ मध्ये ती थांबली. कफ परेडमधलं एक गडगंज गुजराती कुटुंब. माया साराभाई (रत्ना पाठक शाह) म्हणजे दक्षिण मुंबईच्या पार्ट्यांमध्ये आयुष्य गेलेली, काट्या-चमच्याच्या क्रमावर माणसाची किंमत ठरवणारी बाई. तिचा नवरा इंद्रवदन. थोरला साहिल कॉस्मेटिक सर्जन. ही भूमिका आपल्या सुमीत राघवनची, ज्याला मराठी प्रेक्षकांनी पुढे घाणेकरांवरच्या चित्रपटात डॉ. लागू म्हणून पाहिलं. धाकटा रोसेश (राजेश कुमार) नट आणि कवी, दोन्ही भयंकर. आणि समोरच्याच फ्लॅटमध्ये साहिलची बायको मोनिशा (रूपाली गांगुली): नोएडाची, पंजाबी मध्यमवर्गीय घरातली, घासाघीस करून आणलेल्या वस्तूचा भाव पाहुण्यांना आधी सांगणारी. तिचं खरं नाव मनीषा. सासूला ते फार मध्यमवर्गीय वाटलं म्हणून तिने परस्पर ‘मोनिशा’ करून टाकलं.

या एका बारशात सगळी मालिका आहे. मराठी वाचकाला यातली मेख वेगळी सांगायला नको. आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर्गात किमान दोन मनीषा होत्या. लग्नात मुलीचं नाव बदलायची, ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायची रीत आपल्याकडे होतीच, पण तिथे निदान पत्रिका, हौस, नवऱ्याच्या नावाशी जुळणारं यमक असं काहीतरी निमित्त असायचं. मायाचं निमित्त प्रतिष्ठेचं आहे. आणि ती हे चिडून करत नाही. माया कधी आवाज चढवत नाही. वाक्याच्या शेवटी ‘बेटा’ लावते, हसते, आणि त्या हसण्यात इंग्रजीतलं एखादं भरजरी विशेषण ‘मिडल क्लास’च्या अलीकडे टाचून देते. मोनिशाला अपमान कळतच नाही असं नाही. कळतो, पण तिला त्याचं फार काही वाटत नाही, कारण हातात अर्ध्या किमतीत मिळालेली बादली असते आणि आनंद त्या बादलीचा मोठा असतो. इंद्रवदन सुनेची बाजू घेतो ती समतेच्या तळमळीने अजिबात नव्हे. मायाला चिडवणं हा त्याचा आयुष्यभराचा छंद आहे आणि सून हे त्याला सापडलेलं नवं खेळणं. मध्ये साहिल. आई आणि बायको यांच्यात रोज मांडवली करणारा, घरातला एकमेव धड माणूस. तो काय करतो, तर आईकडे बघतो, बायकोकडे बघतो आणि डोळे मिटतो. सुमीत राघवनचं ते डोळे मिटणं हा अभिनयाचा एक स्वतंत्र धडा आहे. विनोदात सगळ्यात अवघड काम विनोद न करणाऱ्याचं असतं.

आता हे लक्षात घ्या की त्याच काळात, त्याच स्टार समूहाच्या मोठ्या वाहिनीवर सासू-सुनांच्या रोजच्या मालिकांनी २०००पासून देश ताब्यात घेतला होता. साराभाईंच्या घरातही सासू-सूनच आहेत. फक्त इथे कट नाही, विष नाही, कोणी जिन्यावरून ढकलत नाही, कॅमेरा तीन वेळा चेहऱ्यावर आपटत नाही. भांडण आहे ते सोफ्यावर प्लॅस्टिकचं कव्हर असावं की नसावं असल्या गोष्टींवर. म्हणजे लोकांना हवा असलेला विषय या मंडळींनी नाकारला नव्हता. तोच विषय उचलून त्यातलं रडणं काढून घेतलं होतं. मग ‘लोकांना सासू-सून हवी होती म्हणून साराभाई पडली’ या वाक्याला अर्थ काय उरतो?

टीआरपीवाल्यांचा मुद्दा घेऊ. आमच्यासारखे लोक तावातावाने म्हणतात की चार-दोन हजार घरांत प्रेक्षक मोजायच्या पेट्या, म्हणजे मीटर, लावून शंभर कोटींच्या आवडीचा निकाल कसा लावता? हा युक्तिवाद कच्चा आहे आणि तो आपण सोडून द्यावा. भात शिजला की नाही हे बघायला सगळं पातेलं उपसावं लागत नाही. नमुना नीट निवडला असेल तर काही हजार घरं पुष्कळ झाली. प्रश्न शितांच्या संख्येचा नाही, ती पातेल्यात कुठून काढली याचा आहे. टीआरपीची पद्धत तपासायला २०१० साली नेमलेल्या अमित मित्रा समितीने सरकारला अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे आठ हजार मीटर होते आणि तेही एक लाखाहून मोठ्या शहरांतच. गावं मोजणीतच नव्हती. ग्रामीण भागाचे आकडे बार्क ही मोजणी करणारी नवी संस्था आल्यावर, २०१५मध्ये सुरू झाले. मुंबईतल्या मीटर बसवलेल्या घरांची यादी फुटल्याचं प्रकरण २००१ सालचं. तेव्हा ‘बाजार खोटं बोलत नाही’ म्हणणाऱ्याने निदान एवढं तरी म्हणावं की बाजार अर्धंच बोलत होता.

पण समजा मोजणी चोख होती. तरी ती काय मोजते? संच चालू होता का, कोणती वाहिनी होती, किती मिनिटं होती. बस. घरातल्या चौघांपैकी तिघं जांभया देत होते की खो-खो हसत होते हे त्या पेटीला कळत नाही. बीबीसीने मोजणीच्या जोडीला प्रेक्षकांकडून आवडीचे गुण वेगळे मागवण्याची पद्धत ठेवली आहे, कारण किती जणांनी पाहिलं आणि पाहिलेल्यांना किती आवडलं हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत हे तिथे फार आधी उमगलं. आपल्याकडे एकच आकडा असतो आणि तो जाहिरातदारासाठी असतो. साबण विकणाऱ्याला किती डोळे मिळाले याचा हिशेब म्हणून तो योग्यच आहे. त्यावरून मालिकेची प्रत ठरवायची म्हणजे पुस्तक वजनावर तपासण्यासारखं झालं. रद्दीवाला तेच करतो आणि त्याचं काही चुकत नाही. पण त्याला कोणी समीक्षक म्हणत नाही.

आमच्या घरचं सांगतो. डोंबिवलीला दोन खोल्या, एक टीव्ही, पाच माणसं. रिमोट रात्री साडेसातपासून आईकडे, बातम्यांपुरता बाबांकडे, आणि मग पुन्हा आईकडे. स्टार वन आमच्या केबलवर सत्तर-बहात्तर क्रमांकाच्या पुढे कुठेतरी यायचं आणि त्यावर कायम मुंग्या. डिश लावलेली घरं तेव्हा बोटावर मोजण्यासारखी. कोणती वाहिनी कितव्या नंबरवर आणि किती स्वच्छ दिसणार हे गल्लीतला केबलवाला ठरवायचा. मी पहिल्यांदा साराभाई पाहिली ती मित्राच्या घरी, अर्धा भाग, आणि त्यात रोसेशचे ओठ दिसत नव्हते इतक्या मुंग्या. त्या आठवड्यात आमच्या घराने साराभाई ‘नाकारली’ असं कोणी म्हणालं तर मला गंमत वाटेल. आमच्या घराला ती विचारलीच नव्हती.

इथे समोरच्याचा सगळ्यात जोरदार मुद्दा येतो आणि तो टाळता येणार नाही. वाहिनी पोचत नव्हती म्हणता, मग त्याच स्टार वनवर २००५मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ सुरू झालं ते कसं तुफान चाललं? तीच वाहिनी, त्याच मुंग्या, तोच विनोद. लोकांनी शोधून शोधून पाहिलं. हे खरं आहे आणि माझ्या केबलवाल्याच्या तक्रारीतली बरीच हवा त्याने निघून जाते. पण दोन्हींत विनोद एकच नाही. स्टेजवर एक माणूस येतो, तीन-चार मिनिटांत चार किस्से सांगतो, जातो. तुम्ही मध्येच आलात, मध्येच फोन घ्यायला उठलात, काही बिघडत नाही. चुटकुल्याला ओळख लागत नाही. साराभाईंचा विनोद ओळखीवर चालतो. दुष्यंत नावाचा जावई दारातून आत आला की प्रेक्षक हसायला लागतो, कारण हा इंजिनियर आता घरातलं एखादं उपकरण उघडून ते कसं चालतं हे समजावणार आणि ते कायमचं बंद पाडणार हे त्याला ठाऊक असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला दिसतो तो फक्त एक माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन आलेला. ऐकू कमी येणारे मधुसूदन फुफा, त्यांच्यासाठी प्रत्येक वाक्य दोनदा ओरडणारे घरचे, रोसेशचं ‘मम्मा’: हे सगळं चौथ्या-पाचव्या भेटीत पिकतं. चाळीत नव्या बिऱ्हाडाचं असंच होतं. पहिल्या महिन्यात त्यांचा विक्षिप्तपणा खटकतो, वर्षभराने त्याच्याशिवाय गणपती साजरा होत नाही.

अशा विनोदाला वेळ द्यावा लागतो आणि वेळ द्यायचा की नाही हे प्रेक्षक ठरवत नाही, वाहिनी ठरवते. अमेरिकेत १९८२मध्ये ‘चीअर्स’ नावाची बारमधल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांची मालिका सुरू झाली. पहिला भाग लागला तेव्हा प्रेक्षकसंख्येत सत्त्याहत्तर कार्यक्रमांत तिचा क्रमांक चौऱ्याहत्तरावा होता. एनबीसी वाहिनीने ती काढली नाही. मालिका अकरा वर्षं चालली आणि १९९३मधला शेवटचा भाग आठ कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. आता सांगा, त्या देशातल्या जनतेचा ‘निकाल’ कोणता, चौऱ्याहत्तरावा की आठ कोटींचा? मधल्या अकरा वर्षांत लोकांची अक्कल वाढली का? उलट उदाहरण ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’चं. तीही एका श्रीमंत, बिनडोक कुटुंबाची गोष्ट, तिथेही एक धड मुलगा सगळ्यांना सांभाळणारा. २००४मध्ये तिला सर्वोत्तम विनोदी मालिकेचं एमी पारितोषिक मिळालं. आणि फॉक्स वाहिनीने २००६च्या फेब्रुवारीत उरलेले चार भाग एकाच रात्री उरकले, तेही तोरिनोच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यासमोर. मुलीचं लग्न लावायचं नसलं की लोक मुहूर्त कसा काढतात, तसा हा मुहूर्त. त्याच वर्षी इकडे साराभाईही गुंडाळली गेली. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन विक्षिप्त श्रीमंत घरं एकाच वर्षी बंद पडली, हा योगायोग मला उगीचच आवडतो.

पण सतीश शाहांचं नाव घेतल्यावर परदेशात जायचं तरी कशाला? १९८३चा ‘जाने भी दो यारों’ घ्या. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा पैसा, बजेट सात लाखांच्या आत, दिग्दर्शक कुंदन शाह नवखा. थिएटरात आला आणि गेला. त्यातला कमिशनर डिमेलो म्हणजे सतीश शाह; अर्धा चित्रपट प्रेत होऊन काढला आणि जिवंत असणाऱ्यांपेक्षा जास्त हशे घेतले. पुढे तो दूरदर्शनवर दाखवला गेला, मग कॅसेटवर, आणि मग त्याला डोक्यावर घेतला. म्हणजे त्याच नटाच्या आयुष्यात हेच नाटक वीस वर्षांच्या अंतराने दोनदा झालं. मधल्या काळात, १९८४मध्ये, ‘ये जो है ज़िंदगी’त त्यांनी दर भागात नवं पात्र रंगवलं आणि ती मालिका मात्र देशभर पाहिली गेली. शरद जोशींचं लेखन, दिग्दर्शनात पुन्हा कुंदन शाह. नट तोच, दिग्दर्शक तोच, प्रेक्षकही तेच. फरक एवढाच की शुक्रवारी रात्री बघायला दुसरं काही नव्हतं. आवड म्हणजे बऱ्याचदा सवय असते आणि सवय लागायला वस्तू हाताशी असावी लागते.

आता मालिकेची बाजू घेणाऱ्यांनीही थोडं ऐकावं. कमी लोकांनी पाहिलं हा गुण नाही. पडलेल्या मालिकांतल्या बहुतेक वाईटच असतात. आपण साराभाईची आठवण काढतो कारण त्या ढिगातली ती एक चांगली निघाली. बाकीच्यांची नावंही आठवत नाहीत. आणि खूप लोकांनी पाहिलं म्हणजे हलकं, हेही खोटं. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ महाराष्ट्राने घराघरात पाहिली. केदार शिंदेंचं दिग्दर्शन आणि दिलीप प्रभावळकरांचे आबा. तिच्या सूक्ष्मपणाला गर्दीने धक्का लागला नाही. त्याच प्रभावळकरांचा त्याआधीचा चिमणराव दूरदर्शनवर आला तेव्हा तर लोक ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याच्याकडे जाऊन बसत. त्यामुळे ‘चोखंदळ विरुद्ध गर्दी’ अशी मांडणी मराठी माणसाने तरी करू नये. तो आपला इतिहासच नाही.

साराभाईत खोटही आहे. रोसेशच्या लाडिकपणावर, त्याच्या आवाजावर होणारे काही विनोद आज पाहताना अवघडायला होतं. बहिऱ्या माणसावरचा विनोद दहाव्यांदा तोच असतो. मोनिशाला कधी कधी लेखकाने साधेपणावरून वेंधळेपणावर आणि तिथून पार बावळटपणावर ढकललं आहे; तिथे मालिका मायाच्या नजरेने बघायला लागते आणि बिघडते. आणि २०१७मध्ये हॉटस्टारवर दुसरा हंगाम आला तेव्हा टीआरपीचा बागुलबुवा नव्हता, वेळेची कात्री नव्हती, नट जवळपास सगळे तेच होते, तरी पाणी घातलेली आमटी निघाली. म्हणजे आकड्यांचा जाच गेला की कला आपोआप बहरते हाही भ्रमच. कदाचित पहिल्या वेळी आठवड्याच्या मुदतीने आणि ‘कधीही बंद होईल’ या धास्तीने लेखणी धारदार ठेवली असेल. मी हे पैजेवर सांगत नाही. पण दुसऱ्या हंगामाचा ढिसाळपणा पाहताना असं वाटलं खरं.

वाहिनीला दोष देऊन मोकळं होता येत नाही, हेही कबूल. स्टार वन धर्मादाय संस्था नव्हती. घरगुती विनोदी मालिकेला दर आठवड्याला नवी परिस्थिती, नवे संवाद लागतात. रोजच्या मालिकेत एक लग्न तीन आठवडे पुरतं. खर्च इथे जास्त, परतावा कमी. व्यापारी माणसाने दुसरा माल ठेवला तर त्याला दोष कसा द्यायचा? नका देऊ. फक्त त्याच्या दुकानदारीच्या निर्णयाला ‘लोकेच्छा’ म्हणू नका. आपल्याकडेही गेल्या पंधरा वर्षांत ‘फू बाई फू’पासून ‘हास्यजत्रे’पर्यंत स्किटचा जमाना आला आणि टिपऱ्यांच्या घरासारखी साप्ताहिक कौटुंबिक मालिका जवळजवळ दिसेनाशी झाली. मराठी माणसाला अचानक घर नकोसं झालं म्हणून नव्हे. पाच माणसांचं घर दोन वर्षं हळूहळू उभं करायला पैसा लावणारं कोणी उरलं नाही म्हणून. स्किटवर माझा राग नाही. त्यातले काही नट मला फार आवडतात. पण त्यांचं कसब बघताना दर वेळी वाटतं, या माणसाला एकच भूमिका साठ भाग करायला मिळाली तर काय होईल!

हे सगळं झालं तरी मुख्य दुखणं राहतंच: शिफारस करायची कशी? आम्ही भक्त मंडळी ती फार वाईट करतो. ‘हुशार लोकांची मालिका आहे’, ‘सगळ्यांना नाही झेपत’, ‘त्या रडक्या मालिका बघणाऱ्यांना काय कळणार’. जरा कान देऊन ऐका, हा आवाज कोणाचा आहे? मायाचा! तंतोतंत मायाचा, फक्त ‘बेटा’ तेवढं गाळलेलं. जी मालिका अभिरुचीच्या तोऱ्याची सत्तर भाग टर उडवते, तिलाच आम्ही अभिरुचीचा बिल्ला करून छातीवर लावतो. आणि वर तक्रार करतो की लोक बघत नाहीत. ज्याला ‘तुला कळायचं नाही’ म्हणून हातात दिलं, तो ते उघडेल कशाला? मी स्वतः निदान दहा जणांना असं सांगितलं असेन. त्यातल्या एकानेही पाहिली नाही.

पाहिली ती मनीषावहिनीने, आणि तीही माझ्या सांगण्यावरून नाही. वहिनीचं नाव लग्नाआधीपासून मनीषा आणि नंतरही मनीषाच. ती संध्याकाळी ‘आई कुठे काय करते’ आणि रात्री ‘अनुपमा’ बघायची. दोन्ही एकाच बंगाली मालिकेवरून निघाल्यात हे तिला मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं, तर म्हणाली, माहितेय, म्हणून तर इथे काय होणार ते तिथे आधी कळतं. टीआरपीच्या यादीत ‘अनुपमा’ अनेक महिने अव्वल होती, ती या वहिनीसारख्यांच्या जिवावर. म्हणजे आमच्या ग्रुपच्या हिशेबाने हीच ती अक्कल नसलेली जनता. एका रविवारी मी जेवणाच्या टेबलावर फोन उभा करून साराभाई बघत होतो. ती शेंगा सोलत होती. मागून डोकावली आणि जवळजवळ ओरडलीच, “अहो भाऊजी, ही आमची अनुपमा! किती बारीक होती!”

रूपाली गांगुली. ज्या बाईला देशाने २०२०नंतर रोज रात्री पाहिलं, तीच पंधरा वर्षांपूर्वी मोनिशा होती आणि तेव्हा आमच्या केबलवर मुंग्यांत हरवली होती. वहिनी शेंगांची टोपली घेऊन शेजारी बसली. मी तोंडातून ब्र काढला नाही. विनोद समजावून सांगितला नाही, हुशार मालिका आहे असं म्हणालो नाही. मनीषाची मोनिशा कशी झाली तो उल्लेख आला तेव्हा तिने भाग थांबवला, मागे नेला आणि पुन्हा ऐकला. मला वाटलं राग आला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तेव्हा दुधाच्या धुतलेल्या पिशव्या चिमट्याने अडकवून वाळत होत्या. खिडकीच्या कडीला जमवलेले रबरबँड. तिने एकदा त्या पिशव्यांकडे पाहिलं, एकदा मायाकडे, आणि हसायला लागली ती थांबेना. आतल्या खोलीत आई पडली होती. तिकडे मान वळवून, आवाज बेताचा ठेवून वहिनी म्हणाली, “सासू चांगली आहे हो ही. जे आहे ते तोंडावर बोलते तरी.”

आतून आईचा आवाज आला, “मला ऐकू येतंय गं मनीषा.”

“मग या की बाहेर,” वहिनी म्हणाली, “तुमच्यावरच आहे.” आई आली. चष्मा शोधण्यात दोन मिनिटं गेली. भाग पुन्हा सुरुवातीपासून लावावा लागला आणि फोन लहान पडतो म्हणून दादाला हाका मारून टीव्हीला जोडून घ्यावा लागला. त्या संध्याकाळी आमच्याकडे ‘अनुपमा’चा रविवारचा पुनर्प्रक्षेपित भाग लागला नाही. मीटर आमच्या घरी तेव्हाही नव्हता, आताही नाही.